आधी दिवस, मग ध्येय : आनंदवनाच्या दाखल्याचा फेरविचार

आयुष्याचे दूरचे ध्येय तरुणपणीच ठरवावे, ते कागदावर लिहून काढावे, त्याचे दहा वर्षांचे, पाच वर्षांचे आणि एका वर्षाचे तुकडे पाडावेत, आणि त्या तुकड्यांतून शेवटी आजच्या दिवसाचे काम निघावे, हा उपदेश मराठी समाजात आता इतका रुळला आहे की तो एक मत आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. शहाणपण म्हणून तो परस्पर स्वीकारला जातो. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन वर्ग आणि महाविद्यालयांच्या सभागृहांतील प्रेरणादायी व्याख्याने यांतून तो थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा सांगितला जातो. अशा उपदेशाला दाखले लागतात, आणि विदर्भात तो करणाऱ्याला दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे आनंदवन हाताशी असते. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे ध्येय ठरवले आणि आयुष्याचा प्रत्येक दिवस त्या ध्येयासाठी वेचला, असे मग सांगितले जाते. हा दाखला नीट तपासला, तर ज्या उपदेशाच्या बाजूने तो उभा केला जातो त्याच्याच विरुद्ध तो साक्ष देतो, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडल्याशिवाय त्याला उत्तर देणे न्याय्य होणार नाही. हे म्हणणे दोन विधानांवर उभे आहे. पहिले विधान क्रमाविषयी आहे : ध्येय आधी, कृती नंतर, कारण कुठे जायचे हे ठाऊक नसेल तर पाऊल कोणत्या दिशेला टाकायचे हे कळणार नाही. दुसरे विधान मूल्यांविषयी आहे : माणसाने आपली मूल्ये आधी ओळखावीत, त्यांच्याशी जुळणारे ध्येय निवडावे, म्हणजे त्या ध्येयातून निघालेली रोजची कृती आपोआप मूल्यांशी सुसंगत राहील. या मांडणीत मूल्य, ध्येय आणि दिवस हे एका जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक येतात आणि दिवस सर्वांत खालच्या पायरीवर असतो. मांडणी नीटनेटकी आहे, ती आळसाला आळा घालते, आणि परीक्षा, कर्जफेड किंवा घरबांधणी यांसारख्या ज्या कामांचा शेवट आधीच माहीत असतो त्यांत ती खरोखर उपयोगी पडते. आक्षेप तिच्या उपयुक्ततेवर नाही. संपूर्ण आयुष्यावर तिने सांगितलेल्या हक्कावर आहे.

या चर्चेतील तीन शब्द सैलपणे वापरले जातात, म्हणून त्यांचा उलगडा आधी करणे बरे. 'ध्येय' हा शब्द 'ध्यै' या चिंतन करणे अशा अर्थाच्या धातूपासून आला आहे. ज्याचे ध्यान करायचे, जे मनासमोर धरून ठेवायचे ते ध्येय, आणि या अर्थाने ते पोचण्याचे ठिकाण असेलच असे नाही. 'उद्दिष्ट' या शब्दात दाखवणे या अर्थाचा 'दिश्' धातू आहे. जे बोटाने दाखवता येते आणि म्हणून ज्याला माप व तारीख लावता येते ते उद्दिष्ट. 'मूल्य' हा शब्द मुळात बाजारातला आहे. त्याचा जुना अर्थ मोल, किंमत असाच आहे, आणि नीतीच्या चर्चेत तो पुढे आला. हा जुना अर्थ विसरू नये, कारण त्यात एक कसोटी दडलेली आहे : ज्यासाठी माणूस प्रत्यक्ष काही मोजतो ते त्याचे मूल्य, आणि ज्यासाठी त्याने अजून काहीच मोजलेले नाही ती त्याची आवड किंवा फार तर त्याचे मत. प्रचलित उपदेश उद्दिष्टाला ध्येय म्हणतो आणि मतांना मूल्ये म्हणतो. त्यातील बहुतेक गोंधळ या दोन अदलाबदलींतून निर्माण होतो.

या उपदेशाचा उगमही पाहण्यासारखा आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या ग्रंथात उद्दिष्टांच्या आधारे व्यवस्थापन करण्याची कल्पना मांडली, ती कंपनीतील अधिकाऱ्यांच्या कामासाठी. उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे आणि मुदतीत बसणारे असावे, हे सांगणारे 'स्मार्ट' हे प्रसिद्ध सूत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक नियतकालिकात मांडले, तेही व्यवस्थापकांसाठीच. नेमके आणि अवघड उद्दिष्ट दिले की कामगिरी सुधारते, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी दीर्घ संशोधनातून दाखवले, आणि त्या निष्कर्षाला मान द्यायलाच हवा. पण काम गुंतागुंतीचे आणि अनोळखी असेल, तर फळाचे उद्दिष्ट देण्यापेक्षा शिकण्याचे उद्दिष्ट देणे अधिक हितकर ठरते, ही मर्यादाही त्याच संशोधनपरंपरेने नोंदवली आहे. माणसाच्या संपूर्ण आयुष्याइतके गुंतागुंतीचे आणि अनोळखी काम दुसरे नाही. कारखान्याच्या तिमाहीसाठी घडवलेले माप आयुष्याला लावताना हा फरक कोणी सांगत नाही.

जे सांगितले जाते ते बरेचदा खोटे असते. १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सर्वांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली, ही कथा व्याख्यानांतून संशोधन म्हणून सांगितली जाते. कधी येलच्या जागी हार्वर्ड येते, एवढाच बदल. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. १९९० च्या दशकात अमेरिकेतील एका व्यवसायविषयक मासिकाने या कथेचा माग काढला, तेव्हा ती सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि विद्यापीठाच्या बाजूनेही तिला कोणताच आधार मिळाला नाही. कथा खोटी आहे एवढ्याने उपदेश खोटा ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : मूल्यांविषयी बोलणाऱ्या उपदेशाने स्वतःच्या सिद्धतेसाठी जी कथा निवडली, तिच्यात यशाचे माप फक्त संपत्ती हेच आहे.

आता वरोऱ्याकडे वळावे. मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घरात झाला. शिकारीची आणि वेगवान मोटारीची हौस असलेला हा तरुण नागपुरात कायदा शिकला, वरोऱ्यात वकिली करू लागला, १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या बचावाच्या कामात पडला, गांधीजींच्या सेवाग्रामकडे ओढला गेला, वरोरा नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, सफाई कामगारांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यांचे काम काय असते हे कळावे म्हणून काही महिने मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावरून वाहू लागला. १९४६ च्या डिसेंबरात साधनाताईंशी विवाह झाल्यावर या दांपत्याने वरोऱ्यात श्रमाश्रम नावाचा सहजीवनाचा प्रयोग मांडला. तो फार काळ टिकला नाही. या सगळ्या खटाटोपात कुष्ठरोगाचा कोठे पत्ताही नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी आमटे यांना कोणी आयुष्याचे ध्येय लिहून द्यायला सांगितले असते, तर त्या कागदावर आनंदवन आले नसते, आणि तो कागद त्यांनी निष्ठेने पाळला असता, तर आनंदवन झालेच नसते.

ध्येय आधी ठरवण्याच्या मांडणीला सर्वांत मोठा तडा पाडणारा प्रसंग तुळशीराम या कुष्ठरुग्णाचा आहे. आगगाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना अडवल्याबद्दल गांधीजींनी आमटे यांना 'अभय साधक' म्हटले होते. म्हणजे निर्भयता हे त्यांचे मान्यताप्राप्त मूल्य होते, आणि तसा दाखला देणारी व्यक्ती सामान्य नव्हती. असा माणूस पावसात गटारीजवळ पडलेला, हातापायांची बोटे झडलेला आणि जखमांत किडे पडलेला एक कुष्ठरुग्ण पाहून घाबरला आणि तेथून निघून गेला. पुढचे दिवस त्या पळण्याच्या आठवणीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परतले, त्या माणसावर आडोसा केला, त्याला भरवले आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली. आपण हे काम परोपकारासाठी आरंभले नसून स्वतःच्या भीतीवर मात करण्यासाठी आरंभले, अशी कबुली पुढे त्यांनीच दिली आहे. 'मूल्ये ओळखा, मग ध्येय निवडा' हा क्रम येथे दोन्ही टोकांनी कोसळतो. जे मूल्य ओळखीचे वाटत होते ते एका संध्याकाळी खोटे ठरले, आणि ते खरे करण्याचा मार्ग दूरच्या ध्येयातून न सापडता एका मरणाऱ्या माणसाच्या रोजच्या मलमपट्टीतून सापडला.

यावर असा युक्तिवाद होऊ शकतो की त्या प्रसंगानंतर तरी ध्येय निश्चित झाले आणि पुढचे सारे नियोजनाने घडले. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि आमटे यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. तेथे जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीरही देऊ केले. १९५१ मध्ये सरकारकडून मिळालेल्या ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर ६ कुष्ठरुग्ण, १ लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर वसाहत उभी राहू लागली. पत्नी बरोबर होती आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले होती. पहिले काम विहीर खणण्याचे होते, कारण पाणी नव्हते. पुढची भाजी, पुढची गाय, पुढची इमारत ही त्या त्या वेळी भेडसावणाऱ्या गरजेतून निघाली. संस्था स्थापणे हे नियोजनच आहे, हे मान्य. परंतु काय करायचे हे ठरल्यावर कसे करायचे याची आखणी करणे वेगळे आणि संपूर्ण आयुष्याचे अंतिम चित्र आधी रंगवून त्यातून दिवस कापून काढणे वेगळे. आनंदवनात पहिले भरपूर होते. दुसरे कोठे दिसत नाही.

ज्यांनी हे काम हातांनी उभे केले त्या रुग्णांचा विचार केला, तर हा भेद आणखी स्पष्ट होतो. कुष्ठरोग 'मायकोबॅक्टेरियम लेप्री' या जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये शोधला. हा जंतू त्वचेखालच्या मज्जातंतूंना इजा करतो आणि हातापायांची संवेदना जाते. बोटे रोगाने आपोआप गळून पडतात ही समजूत चुकीची आहे. तापलेले भांडे, पायात रुतलेला काटा, चपलेचा घासणारा पट्टा यांची वेदना कळत नाही, म्हणून जखम चिघळत जाते, हाडापर्यंत पोचते आणि बोटे आखूड होत जातात. औषधाने जंतू मेले तरी गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून अशा रुग्णाला एक नित्यकर्म शिकवले जाते : हातपाय रोज पाण्यात भिजवायचे, घट्टे हळुवार घासायचे, तेल लावायचे आणि कोठे जखम झाली आहे का हे डोळ्यांनी पाहायचे, कारण वेदना ते सांगणार नाही. घराने आणि गावाने हाकललेल्या या माणसांना १९५१ साली पाच वर्षांनंतरचे उद्दिष्ट विचारणे ही थट्टा ठरली असती. त्यांना भविष्य मिळाले ते कामाच्या दिवसातून. भविष्याच्या चित्रातून त्यांना कामाचा दिवस मिळाला नव्हता.

दूरच्या उद्दिष्टाची मोठी अडचण येथे उघड होते : ते ठरवणाऱ्याच्या आजच्या कल्पनाशक्तीहून मोठे होऊ शकत नाही. आनंदवन सुरू झाले तेव्हा डॅप्सोन हे औषध नुकतेच वापरात आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस करायला १९८१ साल उजाडावे लागले. सुरुवातीला रुग्णांनी पिकवलेला भाजीपाला आणि दूध वरोऱ्यात कोणी घ्यायला तयार नव्हते. १९५० च्या दशकात सेवाग्रामकडे आलेल्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांनी आनंदवनात राहून इमारती बांधल्या, तेथेच जेवण केले, आणि मग गावाची भीती ओसरू लागली. १९६४ मध्ये याच रुग्णांच्या श्रमांतून वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. ज्या गावाने त्यांची भाजी नाकारली होती त्याच गावाच्या निरोगी मुलांसाठी कुष्ठरुग्णांनी महाविद्यालय बांधावे, हे उद्दिष्ट १९५१ मध्ये कोणी लिहिले असते, तर त्याला वेड्यात काढले गेले असते. 'स्मार्ट' सूत्राच्या 'साध्य करण्याजोगे' या अटीत ते बसलेच नसते. तेरा वर्षांच्या रोजच्या कामाने रुग्णांच्या हातांना जे कौशल्य दिले आणि गावाच्या नजरेत जो पालट घडवला, त्यानंतरच ती कल्पना शक्य झाली.

हीच गोष्ट हेमलकशात पुन्हा घडली. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले. येथे उद्दिष्ट होते, ते माडिया गोंड समाजाला वैद्यकीय सेवा देण्याचे; पण माडिया लोक दवाखान्यात येत नव्हते, कारण त्यांची भाषा डॉक्टरांना येत नव्हती आणि परक्यावर विश्वास ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. म्हणून दिवसाचे पहिले काम उपचाराचे नसून भाषा शिकण्याचे झाले. शाळा १९७६ मध्ये आली. शिकारीत मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून सुरू झालेले वन्य प्राण्यांचे अनाथालय तर कोणत्याही आराखड्यात नव्हते. ध्येयवादी उपदेशाच्या काटेकोर भाषेत हा सारा विस्तार 'लक्ष विचलित होणे' म्हणावा लागेल. वस्तुतः ती लक्ष देण्याची खूण आहे. समोर आलेल्या गोष्टीला मूल्याच्या बाजूने उत्तर देणे हेच ज्याचे नित्यकर्म असते, त्याचे काम ठरवलेल्या रेषेबाहेर वाढणारच.

व्यक्तीकडून समूहाकडे गेले तरी निष्कर्ष बदलत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने १९८० च्या दशकापासून ग्रामसभा, अभ्यासगट आणि सर्वसहमती यांची घडी बसवली. सर्वसहमती म्हणजे बहुमताने निर्णय न लादता, शेवटच्या माणसाचा आक्षेप मिटेपर्यंत चर्चा करत राहण्याची पद्धत. ती वेळ खाते, पण निर्णय झाल्यावर तो सर्वांचा असतो. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे गावाचे दीर्घकालीन उद्दिष्ट होते असे आता मागे वळून सांगता येते. पण ज्या वनहक्क कायद्यामुळे ते घडले तो २००६ चा आहे, आणि जो कायदा अस्तित्वातच नाही त्याचा लाभ घेण्याचे उद्दिष्ट कोणी वीस वर्षे आधी लिहू शकत नाही. गावाजवळ होती ती एकत्र बसून बोलण्याची सवय. कायदा आला तेव्हा तो वापरायला लागणारा समाज तयार होता, तो या सवयीमुळे.

आता प्रतिपक्षाचे मुख्य आक्षेप घ्यावेत. पहिला आक्षेप असा की ध्येय नसेल तर माणूस भरकटतो, आणि 'आजचा दिवस' या नावाखाली आळस लपतो. या आक्षेपात वजन आहे. दिवसाला महत्त्व देणे म्हणजे दिवस जसा येईल तसा जाऊ देणे नव्हे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत कर्म आणि विकर्म असा भेद केला आहे : बाहेरून दिसणारी क्रिया हे कर्म, आणि त्या क्रियेत ओतलेले चित्त, तिच्या मागचे मनाचे काम हे विकर्म, दोन्ही एकत्र आली की कामाचे ओझे उरत नाही. आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये याच विनोबांच्या हस्ते झाले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. भरकटणारा माणूस कर्म करतो आणि विकर्म करत नाही. उद्दिष्टाच्या मागे धावणारा माणूसही बहुधा तेच करतो, कारण त्याचे चित्त क्रियेत नसून तिच्या फळाच्या तारखेत असते. आळसावरचा उतारा दूरची तारीख हा नाही. आज केलेल्या कामाची आजच तपासणी हा आहे.

दुसरा आक्षेप मोजमापाविषयी आहे : मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, आणि मोजायचे तर उद्दिष्ट लागतेच. याचे उत्तर गडचिरोलीतच आहे, आणि ते प्रतिपक्षाच्या बाजूने थोडे झुकणारे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यासाठी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण दिले, आणि त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे मोजमाप नसते तर हे यश पुढे कोणाला पटवताच आले नसते. मात्र येथेही मोजायचे काय हे गावात राहून, लोकांचे ऐकून ठरले. मोजमाप हे उत्तर तपासण्याचे साधन होते, प्रश्न शोधण्याचे नव्हे. उद्दिष्टाची जागा तेथे आहे : प्रश्न सापडल्यानंतर, आणि तेही ठराविक मुदतीपुरते.

मोजमापाला सर्वस्व मानले तर काय होते, हे नर्मदाकाठच्या कसरावदला दिसते. १९९० मध्ये, वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या आणि मणक्याच्या विकारामुळे नीट बसूही न शकणाऱ्या बाबा आमटे यांनी आनंदवन सोडले आणि सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रातील लोकांच्या बाजूने उभे राहण्यासाठी ते साधनाताईंसह नर्मदेच्या तीरावर जाऊन राहिले. धरण थांबले नाही. २०१७ मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. उद्दिष्टाच्या तराजूत हा दशकभराचा मुक्काम म्हणजे निव्वळ अपयश, शिवाय उभ्या केलेल्या संस्थेपासून दूर घालवलेली वर्षे. मूल्याच्या जुन्या अर्थाने पाहिले तर निकाल वेगळा लागतो : ज्यासाठी किंमत मोजली गेली, आणि फळ मिळणार नाही असे दिसत असतानाही मोजली जात राहिली, ते मूल्य होते याबद्दल शंका उरत नाही. या मुक्कामाला ज्या उपदेशाच्या वहीत रकाना नाही, त्या उपदेशाने आनंदवनाचा दाखला देऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो प्रचलित उपदेशाकडून फारसा येतही नाही : एका माणसाच्या मूल्यांची किंमत दुसराच कोणी मोजत असेल तर काय? साप-विंचवांच्या माळरानावर दोन लहान मुलांसह संसार मांडणाऱ्या साधनाताईंना त्यांचे आयुष्याचे ध्येय काय, असे विचारणारे फारसे कोणी नव्हते. त्यांनी 'समिधा' या आत्मकथनाला दिलेले नावच, यज्ञात जळणाऱ्या काष्ठाचे, पुरेसे बोलके आहे. पण या आक्षेपाने ध्येयाची बाजू बळकट होत नाही, ती दुबळी होते. ध्येयाला एक मालक असतो आणि त्याच्याच नावावर यश नोंदले जाते. दिवस मात्र अनेकांचा असतो, आणि चूल, गोठा, मलमपट्टी, विहीर यांचा हिशेब मांडला तरच त्यात साधनाताई आणि ते सहा जण दिसू लागतात. आपली रोजची कृती आपल्या मूल्यांशी जुळते का, या प्रश्नाला म्हणूनच एक जोडप्रश्न हवा : ती जुळवण्यासाठी आज कोणाचा दिवस खर्ची पडला, आणि त्याला विचारले होते का?

शेवटचा आक्षेप असा की थोरांची आयुष्ये सामान्यांना लागू पडत नाहीत. वरोऱ्यातील अभ्यासिकेत बसलेल्या, पदभरतीच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या किंवा कोळसा खाणीत आणि वीजप्रकल्पात कंत्राटी काम करणाऱ्या तरुणाला पोटापाण्याचे उद्दिष्ट हवेच. ते हवेच, आणि या लेखात त्याविरुद्ध काही नाही. नोकरी हे उद्दिष्ट आहे. ते मुदतीत गाठावे, न गाठले तर बदलावे. अन्याय होतो तो त्यालाच आयुष्याचे ध्येय म्हणायला लावण्यात, कारण मग ते हुकले की आयुष्यच हुकले असे वाटू लागते, आणि ते साधेपर्यंतची सहा-सात वर्षे केवळ प्रतीक्षालय ठरतात. त्या वर्षांतही खोटे बोलावे की नाही, कोणाच्या पंगतीला बसावे, हुंडा घ्यावा की नाही, आजारी शेजाऱ्यासाठी रात्र जागावी की नाही, हे प्रश्न रोज समोर येतात. पद मिळाल्यावर माणूस प्रामाणिक राहील की नाही, याचा निर्णय त्या उत्तरांतच होत असतो. शिवाय थोरपणाचा आक्षेप मुळातच लटका आहे, कारण आनंदवन बांधणाऱ्या बहुसंख्य हातांना कोणी थोर म्हटले नव्हते. कायदा तर त्यांना दूर ठेवण्यासाठी होता, आणि १८९८ चा तो कुष्ठरोगविषयक कायदा देशाने २०१६ मध्ये रद्द केला.

तेव्हा क्रम उलटा मांडावा लागतो. आधी दिवस, त्यात मोजलेली किंमत; त्या किमतीतून कळलेले मूल्य; आणि त्या मूल्याने काही काळ टिकून दाखवल्यावर मग ध्येय, तेही पुढे बदलण्याची मोकळीक ठेवून. दीर्घकालीन असण्याचा मान संकल्पाला तो लिहिल्याने मिळत नाही, वर्षानुवर्षे पाळल्याने मिळतो. चुकीच्या क्रमाचे नुकसान असे की दूरवर पाहणाऱ्याला हाताजवळची जखम कळत नाही : खोटेपणाची सवय लागते, घरच्यांशी बोलणे तुटते, भीती वाढत जाते, आणि यांपैकी कशाचीही वेदना होत नाही, कारण नजर दहा वर्षांपुढच्या चित्रावर खिळलेली असते. संवेदना गेलेल्या हातांचे काय करायचे, हे आनंदवनातील माणसे जाणत होती. वेदना सूचना देणार नाही हे एकदा मान्य केले की रोज ठरल्या वेळी हात उजेडात धरून, उलटसुलट करून पाहावे लागतात.